न्यायमूर्तींचं ताट

ते निवृत्त झाले तेव्हा एका इंग्रजी वर्तमानपत्राने त्यांच्यावर अर्धं पान छापलं. कुठल्या शाळेत शिकले, शिष्यवृत्तीवर कुठल्या विद्यापीठात गेले, बॅरिस्टर कधी झाले, मग क्वीन्स कौन्सेल म्हणजे मानाचे ज्येष्ठ वकील, मग हायकोर्ट, मग अपील कोर्ट. सोबत विग आणि लाल झग्यातला फोटो. फोटोत ते इतके कडक दिसत होते की आईने विचारलं, "हे तेच का गं, ज्यांनी भरीत मागून मागून खाल्लं?" तेच ते. त्या अर्ध्या पानात भरिताचं नावही नव्हतं. म्हटलं, आता आपणच लिहावं.

मी त्यांची क्लार्क होते. नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "एवढी शिकून लंडनच्या कोर्टात गेली अन् कारकून झाली होय?" मग त्यांना समजावून सांगावं लागलं. हायकोर्टाच्या प्रत्येक न्यायाधीशाला तेव्हा स्वतःचा एक क्लार्क असायचा. साहेबांची डायरी, खटल्यांच्या तारखा, वकिलांचे फोन, विगचा काळा पत्र्याचा डबा, कुठल्या दिवशी कुठला झगा, सगळं त्याच्याकडे. शिवाय चष्मा कपाळावरच आहे हेही क्लार्कनेच सांगायचं. साहेब जातील तिथे क्लार्क जातो. हे कळल्यावर बाबांचा चेहरा उजळला आणि दुसऱ्या दिवसापासून कॉव्हेंट्रीभर सांगत सुटले की पोरगी लंडनच्या हायकोर्टात आहे. काय करते ते मात्र सांगायचे नाहीत.

आम्ही नागपूरकडचे. मी प्राथमिक शाळेत असताना बाबा कॉव्हेंट्रीच्या एका मोटारींच्या कारखान्यात लागले आणि आम्ही इथलेच झालो. घरात पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्या वर निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्यातल्या प्रत्येक घरात असतो. फोटोतल्या माणसाने कायद्याचं शिक्षण इथेच, लंडनमध्ये घेतलं, हे बाबा दूधवाल्यालासुद्धा सांगायचे. त्यामुळे माझी नोकरी त्यांच्या दृष्टीने साधी नव्हतीच. विगचा डबा उचलायचा असला तरी तो कोर्टातला डबा होता.

आणि साहेब? उंच, किंचित वाकलेले, चालताना स्वतःशीच मान डोलावणारे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका थंडगार गावातले. त्यांची आई तिथे घरातच पर्यटकांसाठी खाणावळ आणि खोल्या चालवायची. कोर्टात त्यांची एक खोड होती. जो हरणार असेल त्याचं ते जास्त वेळ ऐकायचे, आणि फार मऊ आवाजात प्रश्न विचारायचे. "त्याला घरी जाऊन सांगता आलं पाहिजे की माझं ऐकून घेतलं," असं म्हणायचे. वकिलांना हे पाठ झालं होतं. साहेब एखाद्या वकिलाशी फारच गोड बोलायला लागले की त्या बिचाऱ्याचा चेहरा पडायचा. दुसरी खोड अशी की कुठलाही निर्णय लगेच द्यायचा नाही. दोन्ही बाजू ऐकायच्या, 'रिझर्व्ह' म्हणायचं आणि विचार करायला घेऊन जायचं. दुपारी सँडविच चीजचं आणू की अंड्याचं, यावरही ते रिझर्व्ह करायचे, आणि मग मी दोन्ही आणायचे. अशा माणसावर चिडायचं तरी किती? मी चिडायचे ते मनातल्या मनात, आणि संध्याकाळपर्यंत विसरायचे. त्यांच्यावर माझा जीव होता, सरळ सांगते.

घोळ झाला तो सर्किटवर. हायकोर्टाचे न्यायाधीश वर्षातून काही आठवडे लंडनबाहेरच्या शहरांत जाऊन मोठे खटले चालवतात, त्याला सर्किट म्हणतात. तिथे त्यांनी हॉटेलात राहायचं नाही. उगाच शेजारच्या टेबलावर ज्युरीतला कोणी किंवा आरोपीचा मेव्हणा येऊन बसायचा. म्हणून सरकारी बंगला असतो, त्याला लॉजिंग्ज म्हणतात. स्वयंपाकीण असते, बटलर असतो, आणि बटलरच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे नियम असतात. न्यायमूर्ती मोठ्या डायनिंग रूममध्ये जेवणार. क्लार्क स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत. न्यायमूर्तींना पाहुणे नसतील तर ते लांबलचक टेबलाच्या टोकाला एकटे. अन्न तेच, वेळ तीच, मध्ये फक्त एक दार. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. टीव्ही बघत जेवायला मिळायचं, साहेबांच्या समोर काटा कुठल्या हातात धरायचा ही काळजी नको.

पण बाबांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. मी लग्न होऊन लंडनजवळच्या ब्रॅकनेलला राहायला गेले तरी त्यात खंड पडला नव्हता. जावई आयटीतला, त्याला जेवणाचं भान नाही, असा त्यांचा ठाम समज, आणि तो बरोबरच होता. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. "जेवलीस का?" मग, "काय जेवलीस?" मग हवा, मग आईचा गुडघा. त्या पहिल्या सर्किटवर मी मजेत सांगितलं, "आज रोस्ट होता बाबा. माझ्या खोलीत ट्रे आणून दिला."

"अन् साहेब?"

"ते डायनिंग रूममध्ये."

"काहून? तू काहून नाही तिथे?"

"तसा नियमच आहे. क्लार्क वेगळा जेवतो."

हवा नाही, गुडघा नाही, बाबांनी फोनच ठेवून दिला. मला वाटलं लाइन गेली.

रविवारी कॉव्हेंट्रीच्या घरी गेले तेव्हा बाबा पुढच्या खोलीत टीव्ही बंद करून बसले होते. मी लहान असल्यापासून त्यांच्या तोंडून एक गोष्ट ऐकत आले होते. गावात मोठ्या घरचं लग्न होतं. बाबा दहा-अकरा वर्षांचे. यांच्या वस्तीला जेवायला बोलावलं, पण पंगत मांडवात नाही, गोठ्यामागे. वाढणारा वरूनच पानात टाकत होता, हात लागू नये म्हणून. बाबा पानावरून उठले. त्या दिवसापासून जिथे वेगळं बसवतील तिथे अन्नाला हात लावायचा नाही, हे त्यांनी ठरवलं आणि पाळलं. या गोष्टीची जोडगोष्ट कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातली होती. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळे एका लांब टेबलावर कोपराला कोपर लावून बसले, आणि शेजारच्या गोऱ्या वेल्डरने स्वतःच्या ताटातले चिप्स बाबांच्या ताटात टाकले. त्या चिप्सचं त्यांनी आयुष्यभर जेवढं कौतुक केलं तेवढं आईच्या स्वयंपाकाचं नाही केलं.

"हे ते नाही बाबा," मी म्हटलं. "इथे जात नाही मध्ये. क्लार्क गोरा असता तरी त्याच खोलीत जेवला असता. आणि तुमच्या कारखान्यात मॅनेजरांची कॅन्टीन वेगळी नव्हती?"

"वेगळे ते जेवत होते," बाबा म्हणाले. "आम्ही नाही."

मी कायद्याच्या लोकांत वावरणारी, पण घरात माझं एकही आर्ग्युमेंट कधी टिकलं नाही.

त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. एक तर त्या टेबलावर बस, नाहीतर नोकरी सोड. मी भडकले. म्हटलं, तुमचं दुःख तुमच्याजवळ ठेवा, माझ्या चांगल्या नोकरीला का लावता? आईने दोघांनाही गप्प बसवून भात वाढला. बाबांनी आवाज चढवला नाही. फक्त त्या दिवसापासून फोनवर "जेवलीस का" विचारणं बंद केलं. फोन रोज यायचा. हवा, गुडघा, मग ठेवून द्यायचे. मी पस्तिशीच्या पुढची बाई, पण त्या एका न विचारलेल्या प्रश्नाने माझा घास अडायला लागला. मागच्या खोलीतला तो ट्रे समोर आला की टीव्ही लागायचा नाही, जेवणही लागायचं नाही. बाबा बरोबर आहेत असं मला वाटत नव्हतं. तरी मी अर्धं ताट टाकून उठायला लागले होते.

पुढच्या वर्षीचं सर्किट कॉव्हेंट्रीपासून तासाभरावरच्या शहरात होतं. एका सकाळी गाडीतून कोर्टात जाताना साहेबांनी विचारलं, स्वयंपाकीण म्हणते तुमचं ताट रोज परत येतं, तब्येत बरी आहे ना? मी हो-नाही करत सगळं सांगून टाकलं. गोठ्यामागची पंगत, चिप्स, अल्टिमेटम. हेही सांगितलं की वडील जिंकले तर मला जावं लागेल आणि मला जायचं नाही. गाडी कोर्टाच्या मागच्या दाराशी थांबली तरी साहेब उतरले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या वडिलांची बाजू मी तुमच्या तोंडून ऐकली. ते काही बरोबर नाही. ती त्यांच्याच तोंडून ऐकायला हवी." आणि वर अगदी मऊ आवाजात विचारलं, "रविवारी ते घरी असतात का?"

त्या आवाजाचा अर्थ मला माहीत होता. हरणारा कोण, मी की बाबा, तेवढंच कळत नव्हतं.

इंग्लंडचा हायकोर्ट जज आपल्या घरी जेवायला येणार म्हटल्यावर बाबा भांडण विसरले. निदान त्यापुरतं तरी विसरले. पुढच्या खोलीतला सोफा हलवला. नवा पांढरा टेबलक्लॉथ आणला. स्वतः सूट-टाय घातला, तोही कारखान्याच्या निरोप समारंभातला. आईने वांग्याचं भरीत, मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, वरणभात, सगळं केलं. "तिखट कमी घाल," मी म्हटलं. "कमीच घातलंय," ती म्हणाली. नागपूरच्या कमीचा काही भरवसा नसतो.

साहेब आले, हातात फुलं. आईला नीट वाकून नमस्कार केला, फोटोसमोर थांबले, बाबांकडून त्या फोटोतल्या माणसाच्या लंडनच्या दिवसांविषयी सगळं ऐकून घेतलं. मग बाबांनी अदबीने त्यांना जेवायला बसवलं. पुढच्या खोलीत मधोमध टेबल, त्यावर पांढरं कापड, एक खुर्ची, एक ताट. आधी पाहुणा जेवणार, घरचे वाढणार, पाहुण्याचं झालं की मग घरचे आत स्वयंपाकघरात. आमच्याकडे मानाचा पाहुणा आला की हे असंच असतं. मीही त्याच घरात वाढलेली, माझ्याही डोक्यात काही आलं नाही. मी भरिताचं भांडं हातात घेऊन बाजूला उभी राहिले.

"आणि तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"आफ्टर यू, सर, आफ्टर यू," बाबा हात जोडून म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली आणि जेवायला सुरुवात केली. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तिघं पाणी आणि दही आणायला एकदमच आत पळालो. आत आई म्हणाली, "बघा, जास्तच झालं." बाबा म्हणाले, "मी सांगितलं होतं तुले." आई म्हणाली, "तुम्ही कधी सांगितलं? तुम्ही तर टाय बांधत होता." आणि त्या टायवरून आम्हाला जे हसू फुटलं ते आवरेचना. तव्यावर भाकरी करपली, त्यावर आणखी हसलो.

मागे वळले तर साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पेला.

"माझ्या आईकडे पुढच्या खोलीत पैसे देऊन राहणारे पाहुणे जेवायचे," ते म्हणाले. "पांढरं कापड घालून, गप्प. आम्ही घरचे मागे स्वयंपाकघरात, आणि हसणं सगळं तिथे असायचं. मी जज झाल्यापासून पुढच्या खोलीतच जेवतोय. इथे जागा आहे का?"

बाबांनी आधी त्यांच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. मग दारातून दिसणाऱ्या त्या एकाच खुर्चीकडे. काय झालंय ते त्यांच्या ध्यानात आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आयुष्यभर ज्या गोष्टीचा राग धरला तीच त्यांच्या हातून झाली होती, तीही सगळ्यात चांगलं कापड अंथरून. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं.

"माय मिस्टेक, सर," ते कसेबसे म्हणाले.

"आमच्या बंगल्यात हीच चूक रोज होते," साहेब म्हणाले, "आणि तिला तिथे परंपरा म्हणतात."

आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल चौघांना पुरणारं नव्हतंच. साहेब स्टुलावर बसले, गुडघे टेबलाला लागत होते. आईने बशीत दही घातलं. बाबांनी टाय काढून खिशात कोंबला आणि आपल्या हाताने भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवली. मग साहेबांनी त्यांना गोठ्यामागच्या पंगतीचं विचारलं, कोर्टात विचारतात तसं, क्रमाने, घाई न करता. बाबांनी सगळं सांगितलं. शेवटी साहेबांनी विचारलं, "पानावरून उठलात, मग त्या दिवशी जेवलात काय?"

मी ती गोष्ट शेकडो वेळा ऐकली असेल, पण हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. बाबा म्हणाले, "माझ्याबरोबर माझी आईही उठून आली होती. तिने घरी येऊन चूल पेटवली. भाकरी अन् मीठ-मिरची. सगळे चुलीभोवती बसलो होतो." आणि एवढं बोलून ते रडले. मी त्यांना रडताना पाहिलेली ती पहिली वेळ.

निघताना साहेब दारात म्हणाले, "आय शॅल रिझर्व्ह." मी कपाळावर हात मारला. बाबा मात्र खूश. "घाई करू नये," मला म्हणाले, "मोठा माणूस आहे." पण आठवडा गेला, फोन येत राहिले, हवा, गुडघा, आणि तो प्रश्न काही आला नाही. निकाल लागेपर्यंत त्यांचीही बाजू रिझर्व्हच होती.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी बटलर माझ्या खोलीत आला. हातात ट्रे नव्हता. तोंड कडू करून म्हणाला की न्यायमूर्तींनी आज दोन जागा मांडायला सांगितल्या आहेत. एवढी वर्षं नोकरी केली, असं कधी झालं नाही, हे त्याला बोलायचं नव्हतं, पण भुवया बोलत होत्या. मी डायनिंग रूममध्ये गेले. त्याने नियम मोडला होता तो अगदी नियमाने. साहेब टेबलाच्या त्या टोकाला, माझी जागा या टोकाला, मध्ये वीस माणसं बसतील एवढं चकचकीत लाकूड. साहेब तिकडून काहीतरी म्हणाले. मी "काय?" म्हणून ओरडले. त्यांनी परत सांगितलं, मला परत कळलं नाही. मग ते उठले. ताट उचललं, पेला उचलला, बटलर पुढे झाला तर त्याला मानेनेच नको म्हटलं, आणि सगळं टेबल पार करून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. मग परत जाऊन बटाट्यांचं भांडं घेऊन आले.

पुढे दोन-तीन वर्षांनी ते अपील कोर्टात गेले, मीही त्यांच्याबरोबर गेले, आणि सर्किट संपलं. त्यांचे कितीतरी निकाल कायद्याच्या पुस्तकांत छापलेले आहेत. हा निकाल मात्र तोंडीही दिला गेला नाही.

त्या सोमवारी आम्ही पहिला घास घेणार तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. बाबा. मी घाबरून बंद करायला लागले, साहेब म्हणाले, "घ्या, घ्या."

"इकडे पाऊस आहे," बाबा म्हणाले. "आईचा गुडघा..."

"बाबा, मी जेवतेय."

"कुठे?"

"टेबलावर."

"अन् साहेब?"

"त्यांना त्या टोकाला बसवलं होतं. ताट घेऊन माझ्याकडे आलेत. बाजूलाच आहेत."



"मग फोन काहून उचलला?" बाबा म्हणाले. "पानावरून उठू नये माणसानं. जेव. अन् त्यांना विचार, पोटभर जेवताहेत का."

मी विचारलं. साहेबांनी काटा खाली ठेवला.

"या घरात मला हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले, आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.